बोर्तोलोच्या उजवीकडे

सळईवरचं मांस सकाळपासून फिरत होतं आणि भांडण अजून सुरू झालं नव्हतं. ऑक्टोबरातल्या अशा रविवारी प्लेबानींच्या घरी दोन्ही साधारण एकाच वेळी तापायचं. आज मात्र सगळे जपून होते. फाउस्तो विस्तवापाशी बसून मांसावर वितळलेलं लोणी सोडत होता. एलियो ब्रेशा शहरातून आणलेल्या वाइनच्या बाटल्या हातात धरून स्वयंपाकघरात उभा होता. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत होते ते आईमार्फत.

"आई, त्याला सांग, बाटल्या खिडकीत ठेव."

"आई, त्याला सांग, खिडकीत ऊन आहे."

"मला मध्ये घेऊ नका," ओनोरिना म्हणाली. "मला ऐकू येत नाही."

तिला सगळं ऐकू येत होतं. नवरा बोर्तोलो वसंतात वारला तेव्हापासून तिला सोयीप्रमाणे कमी ऐकू येऊ लागलं होतं, आणि घरातल्या कोणीही त्याबद्दल तिला छेडलं नव्हतं.

निवेस सरस बघून येते असं सांगून खाली कारखान्यात उतरली. सरस बघायचा नव्हता. तिला बंदूक पुन्हा एकदा बघायची होती.

वर घर आणि खाली कारखाना. इन्झिनो गावात या रस्त्यावरची बहुतेक घरं अशीच. कोणी नळ्या घडवतो, कोणी चाप बसवतो, कोणी पोलादावर पानंफुलं कोरतो. प्लेबानी लाकडाचे. बत्तिस्ता आजोबा बंदुकांचे लाकडी दस्ते करायचे, मग बाबा, आणि बाबांनंतर दोन्ही मुलगे सोडून ही मधली मुलगी. फाउस्तो मोठ्या कारखान्यात नळ्यांच्या यंत्रावर लागला, एलियो शहरात विम्याच्या कचेरीत. पटाशी धरली ती निवेसने. खोऱ्यात सुरुवातीला लोक हसले, मग दस्ते करून घ्यायला येऊ लागले.

बाबांची बंदूक बाकावर होती. नळ्या एका बाजूला तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेल्या. दस्त्याचे दोन तुकडे तिने परवा सुतळीने घट्ट बांधून ठेवले होते. दस्ता मोडला होता मानेत, म्हणजे मूठ आवळायची जागा असते तिथे. तिथे लाकूड सगळ्यात बारीक असतं, आणि मोडतो तेव्हा दस्ता तिथेच मोडतो. शिकारीचा हंगाम सुरू झाला त्या पहाटे फाउस्तोने आईबाबांच्या खोलीतलं कपाट उघडून बंदूक नेली होती, कोणाला न विचारता. मान्यो गावाच्या वरच्या अंगाला ओल्या दगडांवरून तो घसरला आणि नेमका बंदुकीवर पडला. बरगडीला सूज आली. बरगडीची चौकशी त्याच्या बायकोखेरीज कोणी केली नाही.

मान मोडलेला दस्ता बाबांनी कधी सरसाने जोडून दिला नव्हता. नवा करायचा. आणि नवा करायचा म्हणजे माप घ्यायचं. खरा पेच इथेच होता. दस्ता माणसाच्या अंगावर बेततात. हात किती लांब, मान किती उंच, गाल किती भरलेला, डोळा कुठे येतो. ज्याचं माप घेतलं त्याची ती बंदूक. दुसऱ्या कोणी ती खांद्याला लावली तर अंगात दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं होतं. त्यातून ठाण्यातून निरोप आला होता की बोर्तोलोची बंदूक घरातल्या एकाच्या नावावर या आठवड्यात झाली पाहिजे. म्हणून आज जेवणानंतर निवेसने माप घ्यायचं ठरलं होतं. कोणाचं, ते ठरलं नव्हतं. बाबांनी माळ्यावर जपून ठेवलेली अक्रोडाची फळी एकच होती. तिच्यातून दोन दस्ते निघणार नव्हते.

निवेसने सुतळीने बांधलेला दस्ता उचलला आणि मागच्या टोकाकडून, एक डोळा मिटून, नळीच्या दिशेने पाहिलं.

परवा दिसलं होतं तेच आजही दिसलं. दस्ता डावीकडे वळला होता.

उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा दस्ता किंचित उजवीकडे वळवतात. वळण एवढंसं असतं की दुकानात बंदूक हाताळणाऱ्याला कळतही नाही. पण त्यामुळे गाल टेकला की डोळा आपोआप नळ्यांच्या मधोमध येतो. डावखुऱ्याचा डावीकडे वळवतात. बाबा उजव्या हाताचे होते. बंदूक उजव्याच खांद्याला लावायचे. शिवाय हा दस्ता आखूडही होता, आणि बाबा दारातून आत येताना वाकायचे.

लाकूड वळलं असेल असं तिला परवा वाटलं होतं. म्हणून तिने बंदुकीच्या पोलादी भागाला काजळी फासून तो दस्त्याच्या खाचेत दाबून पाहिला. लाकूड पोलादाला जिथे टेकतं तिथे काळा ठसा उमटतो. ठसा सगळीकडे सारखा उमटला. काही वळलं नव्हतं, काही फुगलं नव्हतं. आजोबांनी हा दस्ता जाणूनबुजून असा केला होता.

आणि आज दिवसाउजेडी तिने तो उलटसुलट केला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. गाल टेकतो ती जागा घासून घासून चकचकीत होते. या दस्त्याच्या डाव्या अंगाला तशी चकाकी होती. तो बाबांचा गाल, कारण बंदूक उजव्या खांद्याला असली की गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला लागतो. पण उजव्या अंगालाही तशीच चकाकी होती, जुन्या तेलाखाली दबलेली, काळपट, आणि जरा खालच्या बाजूला.

एका दस्त्यावर दोन गाल होते.

जिन्यावर पावलं वाजली. फाउस्तो हात पुशीत खाली आला.

"मांसाला वेळ आहे," तो म्हणाला. "म्हटलं, तोवर माझं माप घेऊन टाक."

"जेवणानंतर ठरलंय."

"ठरलंय ते तोंडाने. हाताने उरकून टाकलं की तोंडं गप्प होतात." त्याने भिंतीवरची मापाची बंदूक काढली. तिच्या दस्त्याला बिजागऱ्या आणि फिरकीचे स्क्रू होते. तो लांब करता यायचा, आखूड करता यायचा, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे वळवता यायचा. तिला चाप नव्हता, नळ्या आतून शिशाने बुजवलेल्या होत्या. "उभी राहा."

निवेस समोर उभी राहिली आणि तिने आपल्या उजव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. या कारखान्यातली ही रीत आजोबांपासूनची. गिऱ्हाइकाने दस्ता करणाऱ्याच्या डोळ्यावर नेम धरायचा. दस्ता करणाऱ्याने नळ्यांवरून गिऱ्हाइकाचा डोळा बघायचा आणि पापणी लववायची नाही. तेवढ्यात काय ते कळतं.

फाउस्तोने बंदूक उजव्या खांद्याला लावली. रुंद, सुरकुत्या पडलेला, थोडा लाल डोळा नळ्यांच्या शेवटाशी आला.

"त्या दिवशी किती मारलंस?" तिने विचारलं.

"कुठल्या दिवशी?"

"पडलास त्या दिवशी. पडायच्या आधी."

फाउस्तोने बंदूक खाली केली. "काही नाही. ससा समोरून गेला, अगदी गाईसारखा संथ. चुकलो. मग तितर उठला, तोही चुकला. सगळं डावीकडे. मला वाटलं, बाबांचा हात लागला मला." तो हसला, पण फार नाही. "वर जाऊन सांगू नकोस."

बाबांचा नेम हा इन्झिनोतला जुना विनोद होता. खोऱ्यातला दस्त्याचा सगळ्यात चांगला कारागीर, आणि शिकारीत त्याच्या गोळ्या नेहमी हातभर डावीकडे. सावज उठवायला हाकारा घालणारी माणसं एकमेकांना सांगायची, बोर्तोलोच्या उजवीकडे उभा राहा, तिथे घरच्यापेक्षा सुरक्षित. पुढे गावात कोणाचा मुलगा सैन्यात हिशेबनीस म्हणून लागला की म्हणायचे, बरं झालं, बोर्तोलोच्या उजवीकडे बसवला. बाबाही हसायचे. निवेसने एकदा, पोरवयात, विचारलं होतं की तुमचं माप मी घेऊ का. ते म्हणाले होते, माझा डोळा वाकडा आहे, लाकडाला कशाला त्रास.

त्यांचा डोळा वाकडा नव्हता. हे तिला परवा कळलं होतं, आणि तेव्हापासून तिला नीट झोप नव्हती. इतकी वर्षं तो माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी मापाची बंदूक खांद्याला लावून सगळ्या गावाला हसवत होता. दस्ता बदलणं त्याच्या हातचा मळ होता. त्याने तो बदलला नाही.

"फाउस्तो, आपल्या घरात डावखुरं कोण होतं?"

"कोणी नाही. का?"

"सहज."

"तू सहज काही विचारत नाहीस," तो म्हणाला आणि लोणी जळेल म्हणून वर गेला.

ती वर आली तेव्हा टेबलावर अक्रोडांची परडी होती. तिने एक अक्रोड उचलला आणि एलियोकडे फेकला. एलियोने तो उजव्या हाताने झेलला. दुसरा मिरेलाकडे, म्हणजे फाउस्तोच्या बायकोकडे. तिनेही उजव्याने. आईकडे फेकला तो आईच्या छातीवर आपटून खाली पडला.

"काय चाललंय हे?" ओनोरिना म्हणाली. "नवरा गेला म्हणून मला अक्रोड मारता?"

"ऐकू येत नाही पण दिसतं चांगलं," मिरेला फाउस्तोच्या कानाशी म्हणाली.

"ऐकू पण येतं," ओनोरिना म्हणाली.

तार्सिला आत्या चुलीपाशी होती. बाबांची थोरली बहीण, ऐंशी ओलांडलेली, चणीने लहान. सगळं आयुष्य मान्योच्या पाद्र्याच्या घरी स्वयंपाक करण्यात गेलं. पाद्री वारल्यावर ती खालच्या खोलीत राहायला आली. निवेसने तिच्याकडेही अक्रोड फेकला. आत्याने मान वळवली, उजव्या हाताने तो हवेतच पकडला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

म्हणजे तीही नाही. निवेसने परडी बाजूला सारली. मग कोण? आजोबांचा एखादा भाऊ? युद्धात डोंगरात लपलेला कोणी? बुटका, डावखुरा, आणि बाबांना इतका जवळचा की त्याचं माप त्यांनी मोडलं नाही.

"पीठ सोडते आता," आत्या म्हणाली. "माझ्या मागे कोणी उभं राहू नका."

ते ती नेहमीच म्हणायची. तांब्याची मोठी कढई विस्तवावर, पाण्याला आधण, मक्याचं पीठ वरून धारेने, आणि लांब दांड्याचा लाकडी घोटणा. पोलेंता घट्ट होऊ लागला की दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून घोटावं लागतो. आत्याचा पोलेंता उलटा फिरतो हा घरातला आणखी एक विनोद. सगळं खोरं घोटतं त्याच्या विरुद्ध दिशेने. पाद्र्याच्या घरी राहून तिला मंत्रबिंत्र आले असणार, असं फाउस्तो म्हणायचा.

निवेस तिच्या मागे उभी राहिली. घोटण्याच्या दांड्यावर वरचा हात डावा होता. जोर तोच लावत होता. उजवा नुसता खाली धरून होता, पाहुण्यासारखा.

आत्याने मागे न बघता विचारलं, "काय पाहतेस?"

"पोलेंता."

"तो कालच्यासारखाच आहे."

जेवायला बसल्यावर पोलेंत्याचा पिवळा डोंगर लाकडी पाटावर ओतला गेला. आत्याने दोऱ्याने त्याच्या फोडी कापल्या. पहिला घास पोटात गेला आणि एलियोने काटा खाली ठेवला.

"मी सरळ बोलतो. बाबा इस्पितळात मला म्हणाले होते, बंदूक नीट ठेव."

"ते नर्सला पण म्हणाले होते," फाउस्तो म्हणाला. "तिलाही बोलवायचं का जेवायला?"

"ज्याने ती दगडांवर आपटली त्याला नक्कीच म्हणाले नव्हते."

"मी घसरलो. घसरायला आधी डोंगरावर जावं लागतं. तू शेवटचा डोंगरावर कधी गेलास, विम्याच्या सहलीला?"

"शिकार करणाऱ्याला बंदूक, हे सरळ आहे," मिरेला म्हणाली. "शहरात भिंतीवर टांगून काय करणार? कपडे वाळत घालणार?"

एलियोने याची तयारी करून ठेवली होती. "बंदूक माझ्या नावावर राहील आणि हंगामापुरती फाउस्तोकडे येईल. बाकीचे महिने माझ्याकडे."

मिरेलाने चावणं थांबवलं. तिच्या घरात आधीच तीन बंदुका होत्या, एक पलंगाखाली. "म्हणजे उन्हाळ्यात घरात नाही?"

"नाही."

"तेलाची ती दुर्गंधी पण नाही?"

"मिरेला," फाउस्तो म्हणाला.

"मी फक्त विचारतेय. माणूस विचारू शकतो."

"मला वाटतं एलियोला द्यावी," ओनोरिना अचानक म्हणाली. "नाहीतर नदीत टाकावी. मला ती घरात नको."

सगळे तिच्याकडे वळले. आई कधी कोणाची बाजू घेत नसे. एलियो खुर्चीत सरळ बसला. फाउस्तोने बशी पुढे ढकलली आणि निवेसकडे पाहिलं. तेव्हा तिला कळलं की आता मत तिचंच उरलंय. तिने एलियोचं म्हटलं तर फाउस्तो नाताळला येणार नाही. फाउस्तोचं म्हटलं तर एलियो बाबांच्या पुण्यतिथीलाही येणार नाही.

"निवेस," फाउस्तो म्हणाला. "माप कोणाचं?"

"आधी एक ऐका," ती म्हणाली. "ती बंदूक बाबांसाठी केलेली नव्हती."

तिने सांगितलं. वळण, लांबी, काजळी, दोन गाल. उगाच वाढवलं नाही, कोणाकडे पाहिलंही नाही. "बाबांचा नेम चांगला होता. दस्ता दुसऱ्याचा होता. आजोबांनी तो कोणा ठेंगण्या, डावखुऱ्या माणसासाठी केला होता, आणि त्या माणसाने तो पुष्कळ वापरलाय."

टेबलावर सगळ्यांनी आपापल्या हातांकडे पाहिलं, जणू ते आजच मिळाले होते.

"म्हणजे त्या दिवशी मी चुकलो नव्हतो," फाउस्तो हळूच म्हणाला.

"तू पडला होतास," एलियो म्हणाला. मग त्याने निवेसला विचारलं, "युद्धातलं काही? कोणी जर्मन?"

"जर्मन ठेंगणे नसतात," मिरेला म्हणाली.

"बाई होती," ओनोरिना म्हणाली.

सळईखालच्या तव्यात चरबी तडतडत होती.

"मला माहीत होतं. माझ्या लग्नाआधीची कोणीतरी बाई. मला कधी त्या बंदुकीवरची धूळ पुसू दिली नाही त्याने. दर शरद ऋतूत कपाटातून काढायचा, मांडीवर घेऊन तेल लावायचा, आणि तोंड असं करायचा की मला उठून बाहेर जावंसं वाटायचं. एकदा विचारलं, कोणाची आहे ही? म्हणाला, माझ्या नावावर आहे ना. हे काय उत्तर झालं? इतकी वर्षं मी एका बाईचं सामान माझ्या कपाटात ठेवून घेतलं."

"ओनोरिना," तार्सिला आत्या म्हणाली, "ती बाई तुझ्या ताटात पोलेंता वाढतेय. पुढे कर ताट."

ओनोरिनाने ताट पुढे केलं.

आत्याने फोड वाढली, चमचा डाव्या हातात घेऊन, आणि बसली. "शाळेत नन माझा डावा हात बाकाला बांधून ठेवायच्या. शाळेत, देवळात, लोकांसमोर उजवा. डोंगरावर आमचे बाबा म्हणायचे, इथे कोणी नन नाही, पाहिजे तो हात वापर. बोर्तोलो तेव्हा सैन्यात. बाबांना पाखरं मारायला सोबत पाहिजे होती. मला त्यांची बंदूक मोठी व्हायची, म्हणून ही केली. मी बऱ्यापैकी मारायचे."

"किती बऱ्यापैकी?" फाउस्तोने विचारलं.

"तुझ्यापेक्षा."

मिरेलाला ठसका लागला.

"बाबा गेले. युद्ध संपल्यावर बंदुका ठाण्यात लिहून द्यायच्या होत्या. मी तेव्हा नुकतीच पाद्र्याच्या घरी लागले होते. पाद्र्याची स्वयंपाकीण आणि तिच्या नावावर बंदूक, सगळं मान्यो हसलं असतं. बोर्तोलो म्हणाला, माझ्या नावावर करू, कागदापुरतं. तुला पाहिजे तेव्हा माग."

"मग मागितली का नाहीस?" निवेसने विचारलं.

"तो देईल म्हणून थांबले. तो थांबला मी मागेन म्हणून." तिने खिशातला अक्रोड काढून टेबलावर ठेवला. "दर हंगामाला मी विचारायचे, बोर्तोलोने काय मारलं? लोक म्हणायचे, चुकला. डावीकडे गेली. म्हणजे त्याने दस्ता बदलला नाही, म्हणजे बंदूक अजून माझी आहे. सगळं खोरं त्याला हसायचं. मी चुलीपाशी खूश व्हायचे. माझ्याइतकं त्याच्या चुकण्याने कोणाचं भलं झालं नाही."

ओनोरिनाने ताटातली फोड मोडली. "मला सांगायला काय झालं होतं त्याला?"

"तू हसली असतीस."

ओनोरिनाने विचार केला. "हसले असते," ती म्हणाली.

फाउस्तो उठून विस्तवापाशी गेला. फिरवायचं काही राहिलं नव्हतं तरी त्याने सळई फिरवली. "सगळं खरं," तो पाठमोरा म्हणाला. "पण आत्या, तू आता डोंगरावर जाणार आहेस का? परवाना नाही तुझ्याकडे. गुडघे नाहीत. बंदूक वापरायची वस्तू आहे."

"घरात ठेवायला गुडघे लागत नाहीत."

"मग नवा दस्ता तरी कशाला?"

"मोडकी का ठेवू?"

फाउस्तो शिकारी होता आणि थोरला मुलगा होता, आणि दोन्ही बाजूंनी त्याचा मुद्दा बरोबर होता. निवेसलाही ते दिसत होतं. बाबांची शेवटची फळी अशा दस्त्याला जाणार, जो कदाचित कधी कपाटाबाहेर येणारही नाही. "खाली चला," ती म्हणाली. "डोळा काय सांगतो ते बघू."

कारखान्यात एवढी माणसं एकदम कधी मावली नव्हती. मिरेला रंध्याच्या बाकाला टेकली आणि भुशाने पांढरी झाली. आईला स्टूल दिलं. निवेसने मापाच्या बंदुकीचे स्क्रू सैल केले, दस्ता आखूड केला, डावीकडे वळवला, आणि बंदूक आत्याच्या हातात दिली. मग समोर उभं राहून डोळ्याखाली बोट ठेवलं.

आत्याने बंदूक उचलली. उजव्या खांद्याला.

तिथेच ती थांबली. नळ्यांचं टोक निवेसच्या कानाच्या बाजूला कुठेतरी डुलत होतं. आत्याच्या चेहऱ्यावर, पंगतीत चुकीच्या ठिकाणी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो, तसा भाव आला.

"बघा," फाउस्तो म्हणाला, पण हळू.

"लोक आहेत ना," ओनोरिना स्टुलावरून म्हणाली. "लोकांसमोर उजवा. तिनेच सांगितलं आत्ता. सगळे भिंतीकडे तोंड करा."

कोणाला कळायच्या आत तीच वळली. मग मिरेला. मग एलियो. शेवटी फाउस्तो, अर्धाच.

आत्याने बंदूक खाली घेतली, श्वास सोडला आणि पुन्हा उचलली. या वेळी मध्ये काही नव्हतं. बंदूक वर आली आणि गाल तिला भेटायला आधीच निघालेला होता. दस्ता डाव्या खांद्यात जाऊन बसला. उजव्या डोळ्यात तिला मोतीबिंदू होता, पण नळ्यांच्या शेवटाशी आला तो डावा डोळा, स्वच्छ, करडा, मधोमध. निवेसने आयुष्यभरात पुष्कळ डोळे तिथे बघितले होते. इतका नेमका फार थोड्यांचा यायचा. तिने पापणी लववली नाही.

"लांब होतोय," आत्या गाल न हलवता म्हणाली. "बाबांनी केला तेव्हा बरोबर होता. मी आटले."

निवेसने स्क्रू फिरवला. बोटभर आखूड. आत्याने पुन्हा उचलली, आणि डोळा पुन्हा तिथेच आला.

"झालं," निवेस म्हणाली.

"नाव पण माझंच घाला," आत्या म्हणाली. "कागदापुरतं नको."

भिंतीकडची माणसं वळली. एलियोने बाकावरचा जुना दस्ता उचलला. सुतळीची गाठ न सोडता त्याने डाव्या अंगावरची चकाकी अंगठ्याने चाचपली. "हा कोणाला लागणार आहे का?" त्याने विचारलं. त्याने तो कोटाखाली धरला.

फाउस्तो अजून तिथेच, अर्धा वळलेला. त्याने बघितलं होतं, हे निवेसला त्याच्या मानेवरून कळलं. रुसवा अजून गेलेला नव्हता. तो एवढ्या लवकर जाणारही नव्हता.

"ठाण्यात मी घेऊन जातो आत्याला," तो म्हणाला. "दार धरायला कोणीतरी लागेल." आणि मिरेलाचा दंड धरून त्याने तिला बाकापासून बाजूला, आपल्याकडे ओढलं. "तिकडे उभी राहू नकोस. बोर्तोलोच्या उजवीकडे आता काही खरं नाही."

निवेसने माळ्यावरून फळी उतरवली, बाकावर टाकली आणि पेन्सिलीने पहिली रेघ ओढली, किंचित डावीकडे.